एका पंखाची घडी

१

चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढली की माणसाला दोन गोष्टी येतात. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघणं, ही एक. उलगडलेलं ठाण त्याच्या मूळ घड्यांवर परत बसवणं, ही दुसरी. पहिली धंद्याची, दुसरी अब्रूची. एकदा एका लग्नघरच्या नऊ बायकांनी माझ्यासमोर सदतीस ठाणं उलगडायला लावली आणि जाताना एक हातरुमाल घेतला. मी तो हसतमुखाने कागदात गुंडाळून दिला. संध्याकाळच्या आत सदतीसच्या सदतीस ठाणं अशी लावली, की दुसऱ्या दिवशी त्याच बायका आल्या तेव्हा त्यांतली एक म्हणाली, "ही नवीन आलीत वाटतं?"

अशा माणसाला एका किड्याने घडी घालण्यात हरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

दुपारची वेळ होती. गल्ल्यावर पांढरी मलमल पसरलेली होती. वरून दिव्याभोवती फिरता फिरता काहीतरी पडलं. तांदळाच्या दाण्याएवढं, लांबुळकं, काळं; मागचं अंग कड्याकड्यांचं, आणि पाठीवर जेमतेम छाती झाकेल एवढी आखूड, कडक बंडी. समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "मुंगळा आहे, झटका." मी झटकायला हात उचलला, तर त्या बंडीखालून दोन पारदर्शक पंख बाहेर आले. एकेक पंख त्या अख्ख्या किड्यापेक्षा लांब. त्याने एक गिरकी घेतली, पुन्हा मलमलीवर उतरला, आणि मग शेपूट पाठीवर वळवून, आपण सदरा विजारीत खोचतो तसे ते पंख बंडीखाली खोचले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. संपलं. बाहेर एक दोरासुद्धा राहिला नाही.

गिऱ्हाइकाला काय हवं होतं ते मला आजही आठवत नाही.

२

गावच्या संग्रहालयात किड्यांच्या खोलीची व्यवस्था एक बाई बघत. सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत, एक तर कामामुळे आणि दुसरं बोलण्यामुळे. मी मलमलीत बांधलेला तो जीव त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "भुंगेरा आहे. आखूड पंखपेट्यांचा."

"आमच्याकडे याला बंडीवाला म्हणतील," मी म्हणालो.

"म्हणा. त्याला काही फरक पडत नाही. यांच्या साठ हजारांवर जाती आजवर ओळखल्यात, आणि न ओळखलेल्या किती ते त्यांनाच ठाऊक."

मी शाळेत जेमतेम आठ वर्षं टिकलो. पण माल हातात घेऊन प्रत लावणं मला शिकवावं लागत नाही. बाईंनी मला ओळखतक्ता वाचायला शिकवला. त्यात प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाला दोन वाटा. पायाच्या टोकाला पाच सांधे असतील तर सातव्या प्रश्नाकडे जा, चार असतील तर अकराव्याकडे. डोळा गालापेक्षा मोठा असेल तर इकडे, लहान असेल तर तिकडे. अशा वाटा कापत कापत शेवटी एका नावाशी पोचायचं. अगदीच अडलं तर नराचं पोट उघडून त्याचं खासगी इंद्रिय तपासायचं, कारण कित्येक जातींतला फरक तेवढ्यातच असतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे एवढा अभ्यास करून शेवटी तिथेच बघायचं. आणि हे शास्त्र."

सहा वर्षांत बाईंनी माझ्यावर एकच काम सोपवलं. वाळलेला किडा दमट डबीत मऊ करायचा, बंडी उचलायची, तीन केसांच्या कुंचल्याने पंख घडी घडी करत उलगडायचा आणि घड्यांचा नकाशा काढायचा. या किड्यांत डावा आणि उजवा पंख सारखे दुमडलेले नसतात. एक वर, एक खाली, म्हणून दोघांच्या रेघा वेगळ्या. "माझ्याच्याने हे होत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "मला शिवणसुद्धा येत नाही."

त्यांचे नियम दोन. ज्या जातीचा एकच नमुना आहे त्याचा पंख उघडायचा नाही, कारण मेलेल्या किड्याचा पंख पुन्हा मिटत नाही. आणि दुसरा नियम नकाशाचा. सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला होता. त्यातून पंखाची सावली कागदावर पडे आणि मी ती गिरवत असे. आरशातलं चित्र ते, डावं उजवीकडे दिसणार. म्हणून पेन्सिल टेकवण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं: आरसा.

सहा वर्षांत मी ते एकदाच विसरलो.

३

बाईंची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी कपाटांच्या तळातल्या जुन्या, न लावलेल्या पेट्या काढल्या. त्यांतली एक मी दुकानामागच्या खोलीत घेऊन आलो. आत दोन बंडीवाले शेजारी शेजारी टोचलेले, दिसायला सारखे. एकाच लेबलवर आमच्याच रस्त्याचं नाव होतं. तारीख नाही, पकडणाऱ्याचं नाव नाही.

दोन आहेत, म्हणजे एक उघडायला हरकत नाही, असा हिशेब मी केला. लेबलवाला दमट डबीत घातला आणि दुसऱ्याचे पायाचे सांधे मोजायला घेतले. पाच भरले. मग डबीतल्याचे मोजले. चार. वेगळी जात. म्हणजे दोघेही एकटेच. तिथे डबीचं झाकण बंद करायला हवं होतं. पण बंडी मऊ होऊन आपसूक उचलली गेली होती आणि उजव्या पंखाची पहिली घडी सुटून वर आली होती. उघडलेली घडी बघून हात मागे घेणं मला जमलं नाही. हे मी कबूल करतो.

दुसरी घडी उघडली, तिसरी, चौथी. आरशातून नकाशा गिरवत होतो. या गटात सहसा इथवर पंख संपतो. इथे चौथीच्या खाली पाचवी होती.

पाचव्या घडीनंतर पंख माझ्या नखाएवढा झाला. मी डोळा भिंगावरून काढला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. किडा तांदळाएवढाच. पंख नखाएवढा, मधाच्या रंगाचा, शिरा केसाहून बारीक. कागदाच्या पट्ट्यांनी मी तो बुचाच्या फळीवर दाबून ठेवला आणि दुकान बंद केलं. सहाला पाच मिनिटं कमी होती.

४

दुकानापासून घर एकाच रस्त्यावर, चारशे चाळीस पावलं. दुकानापासून कोपऱ्यावरच्या घड्याळजीपर्यंत दोनशे दहा. घड्याळजीपासून आक्काच्या दारापर्यंत एकशे चाळीस. तिथून घर नव्वद. ही पावलं मी मोजत नाही, ती मोजली जातात. लहानपणी मी वडिलांचा लोखंडी गज घेऊन घरभर मापं काढत फिरायचो, म्हणून माझी थोरली बहीण अजूनही मला गज्या म्हणते.

आक्काच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. चावीच्या भोकातून बघावं तेवढंच तिला दिसतं. हात थरथरतात, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला मी तिच्या डोळ्यांत थेंब घालतो. डॉक्टरने बजावलंय, एकही वेळ चुकवायची नाही, चुकवली तर उरलंय तेवढंही जाईल. अकरा वर्षांत मी एकही वेळ चुकवली नव्हती. नवरा गेला, मूलबाळ नाही. तिला मीच आणि ती माझ्या बायकोची एकुलती एक भांडायची जागा.

त्या संध्याकाळी घड्याळजीने मान हलवली, मी हलवली, आणि पुढे निघालो. आक्काच्या दाराशी पाय थांबले तेव्हा आकडा एकशे एकसष्ट होता.

"उशीर केलास," आक्का म्हणाली.

"मिनिटभर."

"माझं सगळं मिनिटावरच आहे रे."

मी तिच्या पापणीखाली थेंब सोडला. मनात म्हटलं, वय झालं. पावलं आखूड पडायला लागली.

५

दुसऱ्या दिवशी मापाची फीत घेऊन गेलो. कापडवाल्याच्या पावलावर विश्वास नसेल तर त्याच्या फितीवर तरी ठेवावा. फीत म्हणाली, पाऊल बरोबर आहे, रस्ता वाढलाय. घड्याळजीच्या दुकानानंतर एक भिंत होती, चुन्याची, कोरी. तिच्यावर एकही खिळा, एकही डाग नाही. अशी भिंत मी या रस्त्यावर कधी पाहिली नव्हती, आणि तरीही ती नेहमीच तिथे असावी अशी उभी होती.

मी दुकानात परतलो आणि सहावी घडी उघडली. हे का केलं ते विचारू नका. ठाण अर्धं उलगडून गिऱ्हाइकाला "बाकीचं असंच आहे" सांगणारे दुकानदार असतात. मी त्यांतला नाही.

आता पंख तळहाताएवढा होता, म्हणून सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून नकाशाचा पुढचा भाग नुसत्या डोळ्यांनी त्याच कागदावर काढत गेलो. संध्याकाळी त्या भिंतीनंतर एक घर होतं. लाकडी दार, एक खिडकी, खिडकीत पडदा. कापड मी लांबून ओळखतो, पण तो पडदा कशाचा होता ते मला सांगता आलं नाही. आणि आवाज येत होता. कोरं, खळीचं कापड पहिल्यांदा उलगडताना करतं तो सळसळाट. फार लांबून आणि फार मोठा.

घड्याळजीला विचारलं, "रस्ता लांबल्यासारखा वाटतो का हो?"

तो डोळ्याला भिंग लावूनच म्हणाला, "रस्ता तेवढाच आहे, शेठ. पण काल तुम्हाला मी जाताना बघत होतो. तुम्ही जात होतात, जात होतात, लहान होत होतात. शेवटी म्हटलं चष्मा बदलायला हवा."

टाचणीबाईंना मी फक्त इतकंच विचारलं, की ओळखतक्त्यात पाचपेक्षा जास्त घड्यांच्या पंखाला कुठली वाट आहे.

"नाही वाट," त्या म्हणाल्या. "तसं काही नसतंच. असलं तर दाखवा, मग प्रश्न नव्याने लिहीन." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शेठ, एकटा नमुना नाही ना उघडलात?"

मी नाही म्हणालो. गिऱ्हाइकाशी मी पुष्कळदा खोटं बोललोय. बाईंशी ते पहिलंच.

६

पाचव्या दिवशी एका दमात चार घड्या उघडल्या. पंखाने कापायचं टेबल भरलं. मधाच्या रंगाचा तो पातळ पडदा हातात धरला तर हात दिसे आणि हाताच्या पलीकडे आणखी काहीतरी दिसे, ज्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. टेबलाच्या कडेला तो किडा, तांदळाएवढाच, टाचणीवर. डावा पंख अजून बंडीखाली मिटलेला. त्यात काय असेल याचा विचार मी करत नाही.

रस्ता लांबला म्हणून साडेपाचलाच निघालो. घड्याळजीनंतर ती भिंत, ते घर, मग दुसरं घर, मग घरांची ओळ. मी चालत राहिलो. साडेसहा वाजले. दारं कोरी, पायऱ्या कोऱ्या, एकाही उंबऱ्याला झीज नाही. एका दारावर खडूची खूण होती, शिंपी कापायच्या आधी करतो तशी. माणूस एकही नाही, पण प्रत्येक पडदा नुकताच कोणी तरी सोडल्यासारखा हलत होता. भीती वाटली का? वाटली. पण तिच्याहून मोठं काहीतरी वाटलं. एवढं अफाट ठाण आहे, आणि आपण जन्मभर त्याची फक्त वरची घडी बघून भाव ठरवतो, असं वाटलं. मी रस्त्यात उभा राहून टोपी काढली. कोणासाठी, माहीत नाही.

आक्काच्या दाराशी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते.

ती खाटेवर बसली होती. पायाशी बाटली फुटलेली, पदर ओला.

"वाट बघितली, वाट बघितली," ती म्हणाली. "म्हटलं आपणच घालू. हात हलला." मग पदर पिळत, "गज्या, तू लांब गेला होतास का रे? पाऊल फार लांबून येत होतं. कधीचं येत होतं."

मी नवी बाटली आणली, थेंब घातले. सव्वा तास चुकला होता. त्या सव्वा तासात चावीचं भोक आणखी किती बुजलं, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला तिच्याकडे पाठवलं. घराकडून आक्काचं दार अजून नव्वद पावलांवरच होतं. त्या बाजूला काही बदललं नव्हतं. मी मात्र आधीच दुकानात होतो. पंख परत मिटायचा, हे ठरवून.

मेलेल्या किड्याचा पंख मिटत नाही, हे टाचणीबाईंचं म्हणणं. पण त्यांना शिवण येत नाही. मी खोलीत पाण्याची वाफ केली, पंख ओलावला, नकाशा समोर ठेवला आणि मागून पुढे घडी घालत आलो. दहावी. नववी. आठवी. बोटांखाली तो पंख स्वतःहून वळत होता. रेघ दाखवायचा अवकाश, की मिटत होता. दुपारी नखाएवढा उरला. मग भिंगाखाली कुंचल्याने पाचवी, चौथी. नकाशात चौथीची कड डावीकडून आत जात होती. मी डावीकडून आत घातली. किंचित अडली. मी दाबली.

उरलेल्या तीन घड्या त्यामागोमाग आपसूक पडल्या आणि पंख मिटला. मी कुंचला खाली ठेवला. इतकी सुबक घडी मी आयुष्यात घातली नव्हती.

संध्याकाळी घड्याळजीने मान हलवली. भिंत नव्हती. कोरी घरं नव्हती. मी हसलो. नव्वद पावलं झाली आणि समोर माझ्या घराचं दार आलं.

मी वळून पाहिलं. घड्याळजीचं दुकान, त्यानंतर माझं घर. मधे काही नाही. मधे काही असण्याची जागाही नाही.

मागे येऊन घड्याळजीला विचारलं, "आक्काचं घर कुठे गेलं?"

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "कोणाची आक्का?"

"माझी बहीण."

"शेठ," तो सावकाश म्हणाला, "वीस वर्षं तुम्हाला ओळखतो. तुम्हाला बहीण आहे हे बोलला नाहीत कधी."

माझ्या खिशात थेंबांची बाटली होती. तिच्यावर डॉक्टरच्या हातचं लिहिलेलं होतं: दोन्ही डोळे, सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

७

दुकानापर्यंत मी पळत गेलो. या वयात. दिवा लावला, नकाशा घेतला, कोपरा पाहिला. कोपरा कोरा होता.

पहिल्या पाच घड्या आरशातून गिरवल्या होत्या. पुढच्या नुसत्या डोळ्यांनी. सगळं एकाच कागदावर. पुढचं सरळ होतं म्हणून मागचंही सरळ धरलं. पाचवी मधोमध होती म्हणून निभावली; चौथीची जी कड उजवीकडून आत जायची ती मी डावीकडून घातली होती. जो भाग आत जायचा त्याच्याबरोबर बाहेर राहायचा भागही आत गेला होता.

पाचव्या घडीपर्यंत सगळं परत सोडवायला वीस मिनिटं लागली. कुंचल्याला इतका जड हात मी कधी लावला नव्हता. पुन्हा रस्त्यावर आलो. घड्याळजी म्हणाला, "आक्काकडे निघालात? आज उशीर." त्याला काही आठवत नव्हतं. एकशे एकसष्ट पावलांवर तिचं दार होतं.

"आलास," ती म्हणाली. "मधे किती शांत झालं होतं रे. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना."

दुसऱ्या दिवशी मी फळी, नकाशा आणि कबुली घेऊन टाचणीबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मला वेडा म्हणाल्या नाहीत. दोन तास भिंगाला डोळा लावून बसल्या आणि उठल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना चष्म्याशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं.

"माझी अठ्ठावीस वर्षं यात गेली," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं मी यांना पेटीत लावतेय."

आम्ही दोघांनी चौथी घडी उजवीकडून घालून पाहिली. वळली नाही. कापडवाल्याला हे सांगावं लागत नाही. दाबून बसवलेली चुकीची घडी कापड विसरत नाही. इस्त्री फिरवा, पाणी मारा, सुकलं की ते त्याच रेघेवर वळतं. पंख त्या चुकीच्या रेघेवर वळायला लागला होता, आपणहून, कागदाच्या पट्ट्या उचलत. आणि सुकून इतका ठिसूळ झाला होता, की आणखी जोर केला तर फाटला असता.

"फाटला तर?" मी विचारलं.

बाईंनी नकाशा जवळ ओढला. त्यांनी पेन्सिल उचलली आणि माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात, स्वच्छ अक्षरात लिहिलं: आरसा.

"पट्ट्या मी रोज बदलीन," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाले तरी. पण वजन कशावर ठेवतेय ते मला कळत नाही, शेठ. केव्हा मिटेल ते सांगता येणार नाही. बहिणीला तिथून हलवा."

८

हलवायला गेलो. आक्काचा हात धरून दाराबाहेर काढलं, घराकडे नव्वद पावलं चालायची. चाळिसाव्या पावलावर ती थांबली.

"पुढे काय आहे?"

"रस्ता. आपलं घर."

"मला पायाला लागत नाही," ती म्हणाली. मी तिचं पाऊल उचलून पुढे ठेवलं. ते परत तिथेच पडलं. माझं पुढे जात होतं, तिचं नाही. पुन्हा घड्याळजीच्या बाजूने पाहिलं. तेच. ती एकदा त्या घडीत जाऊन आली होती. रेघ तिच्यातही पडली होती.

मी तिला परत खाटेवर बसवलं, घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. किडा, पंख, रस्ता, घडी. ती भांडी पुसत ऐकत होती.

"म्हणजे आक्का मिटणार," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही त्यांच्याकडे राहायला जाणार."

"थेंब कोण घालणार? सकाळ-संध्याकाळ आहेत. तू मात्र इथे—"

"मी इथे काय करू?" तिने पातेलं आदळलं. "पस्तीस वर्षं त्या बाईशी भांडतेय, एवढ्यात कुठे जिंकायला लागले होते. गाद्या काढा. आणि त्यांच्याकडे चादरी जुन्या आहेत, दुकानातून चार चांगल्या आणा. आखूड नको."

त्याला आज नऊ दिवस झाले. डॉक्टरकडून थेंबांच्या साठ बाटल्या आणल्या आहेत. दुकानाची किल्ली आणि हे कागद उद्या सकाळी घड्याळजीकडे ठेवून येईन. त्याला सांगेन, टाचणीबाई आल्या तर द्या. त्याला मी आठवलो नाही तरी त्या विचारतील. आक्काच्या दारापासून रेघेपर्यंत पहिल्या दिवशी चाळीस पावलं होती. मग तीस. काल सतरा. आज सकाळी चौदा. पलीकडे घड्याळजी अजून दिसतो, डोळ्याला भिंग लावून, लहान होत जाणारा. घरात उजेड मात्र वाढलाय. भिंतींवर मधासारखा रंग आलाय, आणि दुपारी छतावर केसाहून बारीक शिरा दिसतात. सळसळाट आता जवळून येतो. बायको म्हणते, कोणी तरी मोठं ठाण उलगडतंय. मी तिला सांगितलं नाही, की उलगडताना आणि मिटताना कापडाचा आवाज वेगळा असतो, आणि हा कोणता ते मला कळतं.

काल संध्याकाळी सहाला आक्काला अंगणात खुर्चीवर बसवलं, मान मागे केली आणि उजव्या डोळ्यात थेंब सोडला. तिने पापणी मिटली नाही. ती वर बघत होती, आणि चावीच्या भोकातून बघणारं माणूस बघतं तसं नाही. आपण आभाळ बघतो तसं, इकडून तिकडे.

"गज्या," ती म्हणाली, "वर कोण आहे रे?"

"कुठे?"

"छपरांच्या वर. केवढं आहे. पांघरूण घालतंय आपल्याला. किती हळू, बघ. आई कडा खोचायची ना, तसं."

डाव्या डोळ्याचा थेंब राहिला होता. मी तो घातला. न चुकता. बाटलीचं बूच लावलं, बाटली खिशात ठेवली. बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि वर बघत होती.

मग मी वर पाहिलं.

ढग असेल, असं मी स्वतःला एकदा सांगून पाहिलं. कड्याकड्यांचा, काळा, गावच्या पाण्याच्या टाकीमागून शेपटासारखा उचलला जाणारा आणि सावकाश खाली येणारा. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळची मी अजून वाट बघतोय.

चाळीस वर्षं मी घड्या घातल्या. माझी एकही तशी नव्हती.